पाच मिनिटं बसायचं

२ फेब्रुवारी
नवीन गाव, नवीन काम, नवीन वही. सहा वर्षं रुग्णवाहिका चालवली. जेवण अर्ध्यावर टाकून पळालो नाही असा एकही आठवडा आठवत नाही. आता वेताच्या खुर्च्या विणायच्या. ताई म्हणाली, माणसं वाचवायची सोडून खुर्च्या विणणार, शाबास. पण हसत म्हणाली.

दुकानाच्या वरची खोली मिळाली आहे. दहा फूट बाय आठ, एक खिडकी, तीन खुंट्या. दोनदा मोजली. मालकांना काका म्हणायचं, त्यांच्या बायकोला काकू. काकूंनी आल्या आल्या माझ्या चपला पाहिल्या आणि म्हणाल्या, टाचा पार झिजल्यात, फार पळालास रे बाबा, आता जरा बस.

१० मार्चला आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे. तिचा रक्तगट फार कमी जणांचा असतो, घरात तो फक्त माझा आहे. डॉक्टरांनी बजावलं आहे की मी हजर झाल्याशिवाय तिला आत घेणार नाहीत, आणि ही तारीख हुकली तर ती पुढच्या तारखेपर्यंत टिकणार नाही. ८ तारखेलाच निघायचं. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलने लिहून ठेवलं.

५ फेब्रुवारी
वेत तासभर पाण्यात भिजवायचा, मग चौकटीच्या भोकांतून ओढायचा. आधी उभा, मग आडवा, मग तिरपा. माझी वीण पाहून काका म्हणाले, हात बरा आहे, पण जीव सारखा दारात उभा असतो तुझा. त्यांचा एकच नियम. खुर्ची पुरी झाली की विणणाऱ्याने तिच्यात पाच मिनिटं बसून बघायचं, करकरली तर उसवायची.

मी बसलो. करकरली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी मला हाक मारत नाही असं वाटलं. उठलो तेव्हा चहा गार झाला होता, एवढंच.

मागच्या खोलीत चार गिऱ्हाइकं आपापल्या खुर्चीत बसून होती. एक पोस्टमन होता, पिशवी मांडीवर. सगळ्यांचे चेहरे कसे तृप्त. असं जगायला जमलं पाहिजे.

८ फेब्रुवारी
दुसरी खुर्ची. बसलो तेव्हा ऊन उंबऱ्यावर होतं, उठलो तेव्हा समोरच्या भिंतीवर चढलं होतं. घड्याळ बंद पडलं असेल म्हणून पाहिलं, चालू होतं. ताईचे सात फोन येऊन गेले होते. ती म्हणाली, मला वाटलं मेलास की काय. मी म्हणालो, उलट. तिला ते आवडलं नाही.

पोस्टमन अजून तिथेच. काकूंना विचारलं, याचं टपाल कोण वाटतं? त्या म्हणाल्या, कोणाचं काय अडलंय? किती निवांत आहे बघ तो, शिक काहीतरी.

२० फेब्रुवारी
आधी १३ लिहिलं होतं. वर्तमानपत्रावर २० आहे, म्हणून खोडलं.

तिसऱ्या खुर्चीत काल बसलो होतो. म्हणजे मला तरी काल वाटतं. दाढी आठवड्याची वाढली आहे. भूक नाही. नाडी मोजली, मिनिटाला एकतीस. गाडीत कोणाची एवढी नाडी लागली असती तर सायरन लावून सुटलो असतो. मी मात्र पुन्हा मोजली आणि वहीत लिहिली.

पोस्टमनच्या बुटापासून खुर्चीच्या पायापर्यंत कोळ्याचं जाळं आहे. त्याचं मनगट धरलं. बराच वेळ धरल्यावर एक ठोका लागला. दुसऱ्यासाठी थांबलो नाही.

काकांना सांगितलं, काम सोडतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, जा की, कोण धरून ठेवतंय? हातातली चौथी तेवढी पुरी कर, अर्धवट टाकून जाणाऱ्यांतला तू नाहीस.

ते खरं आहे.

६ मार्च
चौथी पुरी झाली. बसलो नाही. बॅग भरली. ताईला कळवलं, परवाची वाट न बघता आजच निघतो. ती म्हणाली, ये रे राजा, आई सारखी दाराकडे बघते.

पण उजव्या कोपऱ्यात वीण ढिली राहिली असेल तर? कोणी पडलं तर? काका नुसते बघतात. पाच मिनिटं. फोनवर गजर लावला आहे. वेळ नोंदवायला वही मांडीवर घेतो —

९ मार्च
तारीख ताईने सांगितली. ती समोर उभी आहे. मी खुर्चीतच. गजर कधी वाजला —

तिने दोन थोबाडीत दिल्या. लागलं. छान वाटलं. रडत म्हणते, मेल्या ऊठ, आईला उद्या आत घ्यायचंय. काखेत हात घालून ओढून पाहिलं तिने. मी हललो नाही. उठावंसंच वाटत नाही. वाटायला हवं —

फक्त हात चालतो. लिहिलं आहे — ताई, इथे बसू नकोस. वही तिच्याकडे वळवायची —

काकूंनी पाणी आणलं. म्हणाल्या, तीन वर्षं एकटी आईचं आजारपण काढतेस गं, पाय बघ कसे सुजलेत. तुझ्या भावाच्या हातची खुर्ची आहे, टेक पाच मिनिटं, तोवर हे उठवतील त्याला.

तिसरी आणली. माझी सगळ्यांत चांगली.

ताई म्हणते, पाचच मिनिटं हं —

१० मार्च, बहुतेक
ताई समोर. केस मोकळे. हसते आहे. बाबा गेल्यापासून तिला अशी पाहिली नव्हती.

तिच्या पर्समध्ये फोन वाजतो. थांबतो. वाजतो. दवाखाना असेल. आई हिरवा झगा घालून बसली असेल — माझ्याशिवाय आत घेणार नाहीत —

तिच्याखाली वीण किती सुबक बसली आहे. एक पट्टी ढिली नाही.

उठायला हवं. उठणारच आहे. घाई केली की अक्षर बिघडतं, एवढं एक वाक्य नीट पुरं करतो आणि मग ताईचा फो