टोबॅगोला आपले कोण आहे?

॥ श्री ॥

रत्नागिरी,
ता. १२ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. मालिनी हिस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे २८ जानेवारीचे पत्र काल मिळाले. बकुळ पालथी पडू लागली हे वाचून आनंद झाला. त्याच्या खालची ओळ मात्र मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा मला कळली नाही. ईस्टरच्या सुटीत तुम्ही दोघे बाळाला घेऊन त्रिनिदादहून टोबॅगो नावाच्या बेटावर तीन आठवडे राहायला जाणार, असे तू लिहितेस. का जाणार, ते लिहीत नाहीस. 'सहज' एवढा एकच शब्द आहे.

मी शाळेतून नकाशांचे मोठे पुस्तक आणवले. त्रिनिदाद माझ्या करंगळीच्या नखाएवढे आहे आणि टोबॅगो म्हणजे त्याच्या डोक्यावर पडलेला शाईचा थेंब. तिथे आपले कोण आहे? भास्कररावांचे काही काम आहे का? तेलाच्या कंपनीने त्यांची बदली केली का? एखादे देवस्थान असेल तर तसे लिही. माणूस सुटीत घरी जातो, सासरी जातो, देवाला जातो. जिथे ओळखीचे चिटपाखरू नाही तिथे पाच महिन्यांचे मूल घेऊन, आगबोटीत बसून कोणी सहज गेलेले मी पाहिले नाही.

बेट म्हटल्यावर कामाच्या तुळसाला फक्त अंदमान आठवले. जावईबापूंनी असा काय गुन्हा केला, असे तिने भांडी घासता घासता मला विचारले. शेजारच्या गफूरभाईंनी तीस वर्षे बोटीवर सारंग म्हणून काढली. त्या समुद्रात ते दोनदा गेले आहेत. त्यांना विचारले, तर म्हणाले की तिथे माड आहेत, वाळू आहे, मासळी उत्तम आणि माणसे गोड. हे ऐकून मैमुनाबी आतून म्हणाल्या की मग पोरीने रत्नागिरी सोडली कशाला.

मलाही तोच प्रश्न पडला आहे. उत्तर मुद्देसूद लिही. बकुळचे वजन तू दर पत्रात लिहितेस, या पत्रात लिहिलेले नाही.

माया आहेच, ती वाढवावी. तुझी आई,
उमा

---

सॅन फर्नांडो, त्रिनिदाद,
ता. २६ फेब्रुवारी १९५८

ती. आईस मालिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र वाचून भास्कर इतके हसले की बकुळ दचकली. तुळसाला सांग, गुन्हा सिद्ध झालेला नाही, आणि शिक्षा फक्त तीन आठवड्यांची आहे.

टोबॅगोला आपले कोणी नाही, आई. कोणी नाही म्हणूनच जायचे आहे. इथे सगळेच असे जातात. समुद्राकाठी मिस एडना नावाच्या बाईंचे घर आहे. त्या दोन खोल्या भाड्याने देतात, स्वयंपाक करून देतात आणि बाळाचे दूधही उकळून देतील. आपण फक्त बसायचे. हे इथल्या लोकांना काम वाटते, आणि ते मन लावून करतात.

बकुळ ठीक आहे. वजन या महिन्यात करायचे राहिले. डॉक्टरांनीही म्हटले की समुद्राची हवा चांगली, जाऊन या. तेव्हा तू उगीच काळजी करू नकोस. सर्व ठीक आहे.

श्यामदादा पोफळीला रमला का? त्याला आशीर्वादाऐवजी माझा एक धपाटा सांग, पत्र लिहीत नाही म्हणून.

लोभाची नेहमीच भुकेली,
मालिनी

---

॥ श्री ॥

रत्नागिरी,
ता. १० मार्च १९५८

चि. सौ. मालिनी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाले. तुझे विनोद वाचले. त्यांच्यामध्ये तू 'डॉक्टर' हा शब्द ठेवून दिलास, तोही वाचला.

मालू, मी तुझी आई आहे आणि आपण समुद्राकाठची माणसे आहोत. डॉक्टर कोणाला समुद्राच्या हवेवर पाठवतात ते आपल्याला शिकवायला नको. घाटावरून हवापालटाला आलेली, कानाला मफलर गुंडाळून भाट्याच्या वाळूवर बसलेली माणसे तू लहानपणापासून पाहिली आहेस. त्यांतली किती दुसऱ्या वर्षी परत आली? आपले चित्रकलेचे हरिश्चंद्र मास्तरही पाचगणीला 'सहज' गेले होते. चौथ्या महिन्यात शाळेला सुटी द्यावी लागली.

तर आता स्पष्ट लिही. बकुळला संध्याकाळचा ताप येतो का? खोकला कोरडा की ओला? दूध किती घेते? वजन राहिले म्हणजे काय? वजन राहत नसते, ते लपवले जाते.

मी इथल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नऊ हजार मैलांवरचे मूल न पाहता मला काय सांगणार, असे ते म्हणाले. त्यांचे बरोबर आहे, पण त्याने माझे समाधान होत नाही. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ आणि उगाळायला लहान सहाण असे पार्सल केले. गफूरभाईंनी ते बोटीवरच्या पद्धतीने मेणकापडात शिवून दिले. शिवून झाल्यावर म्हणाले की पोचायला अडीच महिने लागतील. हे त्यांनी आधी सांगायला हवे होते.

श्यामला पोफळीला कळवले. त्याचे उत्तर आले की परदेशात लोक मौज म्हणून असे जातात, आईने शांत राहावे. त्याला मी लिहिले की धरणाच्या कामावर तू ओव्हरसियर आहेस, तेच पाहा. कलेक्टर कचेरीतून पासपोर्टचा फॉर्म आणवून भरला आहे. प्रवासाचे कारण विचारले आहे तिथे 'नात' असे लिहिले.

माझे उत्तर मिळेपर्यंत तुम्ही पाणी ओलांडू नये. ही विनंती समजू नये.

तुमच्या सुखात जिचे सुख,
उमा

---

सॅन फर्नांडो,
ता. २२ मार्च १९५८

ती. आईस सा. न. वि. वि.

बकुळला काहीही झालेले नाही. काल मुद्दाम वजन केले, सोळा पौंड भरले. ताप नाही, खोकला नाही. सर्व ठीक आहे. आम्ही २९ तारखेला निघत आहोत. तू पासपोर्ट काढू नकोस. एवढा लांबचा प्रवास तुला झेपायचा नाही. इथे सर्व ठीक आहे.

जास्त लिहीत नाही, हात दुखतो. बाकी सर्व ठीक.

मालिनी

---

॥ श्री ॥

रत्नागिरी,
ता. ३ एप्रिल १९५८

चि. भास्करराव यांस अनेक आशीर्वाद.

सासूने जावयाला असे पत्र लिहिण्याची रीत नाही. मी ती मोडते आहे, तेव्हा रागावू नये.

सव्वीस वर्षे मी मुलींच्या वह्या तपासल्या. नऊ ओळींत जी मुलगी तीनदा 'सर्व ठीक' लिहिते, तिचे गणित कुठेतरी चुकलेले असते. बकुळ सोळा पौंड आहे यावर माझा विश्वास बसला. आकडा खोटा लिहायला मालू शिकलेली नाही. मग डॉक्टर कशाला? हवापालट कोणाला? आधी वाटले, तुमची प्रकृती असेल. मग तिची सगळी पत्रे पेटीतून काढून ओळीने लावली. ऑक्टोबरपासून तिने स्वतःबद्दल एक वाक्य लिहिलेले नाही. काय जेवते, काय वाचते, कोणाशी भांडते, काहीच नाही. माझी मुलगी कोणाशी भांडत नाही, असे पाच महिने कधी गेले नव्हते.

मला काहीच उलगडत नाही. बाळ ठणठणीत, घर चांगले, नवरा समंजस, आणि पत्र असे, जणू दुसऱ्याच कोणी हात धरून लिहवून घेतले आहे. मी रागीट बाई आहे, पण ऐकण्याइतकी भक्कमही आहे. जे असेल ते लिहा.

तुम्हां तिघांचे शुभ चिंतणारी,
उमा

---

टोबॅगो,
ता. १७ एप्रिल १९५८

ती. आईंस भास्करचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपले पत्र घरून फिरून काल इथे पोचले. आपण रागवाल या भीतीने नव्हे, तर काय लिहावे ते कळेना म्हणून मी इतके दिवस गप्प होतो. अजूनही कळत नाही. जे पाहिले ते लिहितो.

बकुळ झाली आणि तिसऱ्या आठवड्यापासून मालिनी रडू लागली. कारण विचारले तर म्हणे, कारण नाही. बाळाचे सगळे वेळच्या वेळी करायची, घड्याळ लावल्यासारखे. पण करून झाले की भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवण गेले, झोप गेली. एकदा मला म्हणाली की बकुळला दुसरी कोणीतरी आई मिळायला हवी होती. डॉक्टरांनी छाती, रक्त, सगळे तपासले. रोग काहीच निघाला नाही. त्यांनी तिला विचारले की माहेरी तिला कुठे बसायला आवडे. ती म्हणाली, वाळूवर. म्हणून हे बेट.

आपल्याला कळवू नये अशी तिने मला शपथ घातली होती. ती म्हणे की आईने दोन मुले वाढवली, शाळा चालवली, एक दिवस रडली नाही. वर्गात रडणाऱ्या मुलींना ती दाराबाहेर काढते. तिला हे कळले तर माझी तिला लाज वाटेल. आज ती शपथ मी मोडली. ते तिला सांगूनच मोडली.

इथले पहिले पाच दिवस ती खोलीबाहेर आली नाही. मिस एडना थोराड, काळ्यासावळ्या, गडगडाटी हसणाऱ्या बाई आहेत. त्या कोणाला न विचारता सकाळी बकुळला उचलून नेत आणि मालिनीला झोपायला सांगून दार ओढून घेत. सहाव्या दिवशी किनाऱ्यावर कोळ्यांनी जाळे ओढायला घेतले. अगदी आपल्याकडची रापण, आई. दोन्ही टोकांना माणसे आणि मधे समुद्र. मालिनी उठली, बाळ माझ्या हातात दिले आणि जाऊन दोराला लागली. ओढणाऱ्याला वाटा देण्याची चाल इथेही आहे. ती ओंजळभर मासळी घेऊन आली आणि मी आदल्या दिवशी आणलेली मासळी शिळी होती म्हणून मला पुष्कळ बोलली. मला फार बरे वाटले.

पण फसवत नाही. दोन दिवस चांगले जातात, तिसरा पुन्हा तसाच. वीस तारखेला आम्ही परततो. पुढे काय करावे ते मला समजत नाही. आपण सांगावे.

आपला आशीर्वाद मागणारा,
भास्कर

---

॥ श्री ॥

रत्नागिरी,
ता. ३० एप्रिल १९५८

चि. सौ. मालू हिस अनेक आशीर्वाद.

भास्कररावांचे पत्र काल मिळाले. त्यांना रागावू नकोस. तुझ्या नवऱ्याला अक्कल आहे, हे मी लग्नात म्हटले नव्हते, आता म्हणते.

दोन गोष्टी तुला चुकीच्या माहीत आहेत. रडणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर पाठवत असे, कारण बाहेर हौद होता आणि तिथे कोणी बघत नसे. तोंड धुऊन त्या आपणहून परत येत. ती शिक्षा आहे असे तुला वाटत होते, हे मला आज, निवृत्त झाल्यावर कळले. मला वाटते, त्या मुलींनाही तसेच वाटले असेल. आता त्यांना कुठे शोधू?

दुसरी गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. श्यामच्या वेळी असे काही झाले नव्हते. तू झालीस तेव्हा झाले. तुझे वडील मुंबईला नोकरीवर, घरात सासूसासरे. तू पाळण्यात झोपलीस की मी मागीलदारी विहिरीवर जाई आणि पायरहाट चालवीत बसे. रहाट कुरकुरायचा, म्हणून रडणे घरात ऐकू जात नसे. का रडत होते, मला माहीत नव्हते. बी.ए. झालेली बाई, आणि स्वतःला एक कारण देता येईना. त्या वर्षी आगरातल्या सुपारीला इतके पाणी मिळाले की मामंजी गावभर सांगत फिरले, शिकलेली असून सून काय कष्टाळू आहे.

ते कसे थांबले, मला आठवत नाही. एकदम थांबले नाही. तुझ्यासारखेच, दोन दिवस बरे आणि एक वाईट. मग तीन बरे. मला त्याला अजूनही नाव देता येत नाही, त्यामुळे औषधही सांगता येत नाही. मला कोणी कुठल्या बेटावर नेले नाही. नेले असते तर मी गेले असते.

एवढी पत्रे मी तुम्हाला पाणी ओलांडू नका म्हणून लिहिली. ते मागे घेते. रजा मिळत असेल तर पुन्हा जा. पासपोर्टचा फॉर्म मात्र मागे घेतलेला नाही. तू म्हणशील तेव्हा येईन, नको म्हणशील तर येणार नाही. यात मला राग येणार नाही. आला तरी तो तुला कळवणार नाही.

मैमुनाबींना एवढेच सांगितले की बाळ छान आहे आणि पोर थकली आहे. त्या म्हणाल्या की एवढे कळायला उमाबाईंना नकाशा कशाला लागला.

तुझी,
आई

---

सॅन फर्नांडो,
ता. १२ मे १९५८

प्रिय आई,

आज वाईट दिवस होता. सकाळपासून केस विंचरले नव्हते. दुपारी तुझे पत्र आले. आजोबांनी गावभर तुझे कौतुक केले तिथे मला हसू फुटले, मोठ्याने. भास्कर धावत आले, तोपर्यंत मी रडू लागले होते. त्यांच्यासमोरच रडले. बकुळ माझ्या मांडीवर होती आणि पत्राचा कोपरा चावत होती, त्यामुळे तुझी शेवटची ओळ गेली आहे.

संध्याकाळी भात जेवले. मिस एडनाने पाठवलेल्या लोणच्यावरून भास्करशी थोडे भांडलेही. त्यांना ते आवडते, मला नाही.

तू ये. पावसाळा संपला की ये. पण त्याआधी एक लिही. रहाट रोज किती वेळ चालवत होतीस? आणि तुझे पाय दुखत नव्हते का? मला कोणीच सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

तुझीच,
मालू