तीन म्हणजे दोन पूर्णांक सहा नव्हे

४ फेब्रुवारी

म्हणे खिचडी! माझ्या रकान्याला कर्टिस सगळ्यांसमोर खिचडी म्हणाला!

हॅलिफॅक्सहून साहेब म्हणून येऊन पुरतं वर्ष झालेलं नाही, आणि मला शिकवतो. आपल्या संस्थेची वृद्धाश्रमांची पाच घरं आहेत, दर महिन्याला प्रत्येक घराचा अहवाल संचालक मंडळापुढे जातो आणि तो मी करते, त्याच्या आधीपासून. रकाना एकच: 'या महिन्यात'. त्यात मार्गारी गावच्या घरी राहणारी माणसं ८४. भरलेल्या खाटा ९७%. जेवण माणशी $९.१५. माणशी दिवसाला देखभालीचे तास २.६. आता ही काय एका आईची लेकरं आहेत, सारखी दिसायला? माणसं ८४.० लिहू? अर्धं माणूस कुठल्या खाटेवर निजवू?

"एक रकाना, एक रूप," म्हणाला. "मंडळातले लोक दमलेले असतात, रोना. टिंबं काढ. सगळे पूर्णांक कर."

मी नाही म्हटलं. त्यानं स्वतःच माझ्या संगणकावर वाकून टिचकी मारली. झाले पूर्णांक!

५ फेब्रुवारी

आज नीट पाहिलं. २.६ चे ३ झालेत. आणि मंडळाचा नियम काय? — माणशी तीन तास. कमी नाही चालणार!

कर्टिसकडे गेले. "अगं, जवळच्या आकड्यावर सगळेच नेतात," म्हणाला. खुर्चीतून उठलासुद्धा नाही. मंडळाला प्रती आधीच पाठवून झाल्या होत्या.

७ फेब्रुवारी

मार्गारीहून इव्हेटचा फोन. तिथल्या नर्सांची मुख्य ती; अहवालाची प्रत तिलाही गेलेली. मला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही.

"तीन तास? माझ्याकडे? कुठे आहेत गं? पाठवून दे की, लगेच कामाला लावते त्यांना!"

मला हसू आलं. ती हसत नव्हती. मग आवाज उतरला तिचा. काल सकाळी लिओ म्हणून एक आजोबा घंटा वाजवत राहिले. दोघीच होत्या मजल्यावर, दोघीही दुसऱ्या कुणाला अंघोळ घालत होत्या. आजोबा स्वतःच उठायला गेले आणि न्हाणीघराच्या दारात पडले. खुबा मोडला.

"चोवीस मिनिटं कमी आहेत माणशी, रोना. तुझ्या कागदावर ती भरून निघाली. माझ्या मजल्यावर नाही निघाली."

माझ्या कागदावर म्हणे. झोंबलं. पण कागद माझाच की, नाव माझंच आहे खाली.

८ फेब्रुवारी

लिओ आजोबांचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले. "घंटा बिघडली असेल" म्हणतात. कुणाला दोष देत नाहीत. मी देईन!

१० फेब्रुवारी

कर्टिसला सांगून आले. हे पूर्णांक मी मंडळापुढे नेणार नाही.

"रोनाबाई," (राग आला की बाई होते मी!) "हे काम बाहेरच्या कंपनीकडूनही करून घेता येतं. स्वस्तात."

"घ्या करून. वीस तारखेच्या मंडळाच्या बैठकीनंतर."

बाहेर येऊन कप भरायला गेले. चहा सांडला. पण शब्द परत नाही घेतला.

११ फेब्रुवारी

नवरा, हेक्टर, दिवसभर शेडमध्ये शेवंडं (लॉबस्टर) धरायचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता. त्याला सगळं सांगितलं.

"आम्ही केली असती अशी गोळाबेरीज, तर पार दिवाळं! शेवंड मापाला केसभर कमी भरलं तरी परत पाण्यात. ठेवलं तर दंड."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? तुझं तोंड बघूनच कळतंय. बोटीचा हप्ता मी बघतो."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात एवढं लांब वाक्य क्वचितच बोललाय.

१६ फेब्रुवारी

जमलं! जमलं!

संगणकात आकड्यांना अक्षरं करून टाकणं सोपं होतं, पण मग ते डावीकडे पळतात आणि चढता क्रम लावला की ८४ च्या खाली ९ जाऊन बसतो. तसं नाही केलं. आकडा आत जसाच्या तसा राहू दिला आणि प्रत्येक ओळीच्या कानात सांगितलं: तू टक्का, तू डॉलर, तू एक टिंब, तुला टिंब नको. सगळे उजव्या कडेला शिस्तीत उभे. रकाना एक, तऱ्हा चार, आणि दिसायला देखणा! खिचडी म्हणून दाखव आता!

तासांच्या ओळीपुढे नियमाचा आकडाही लिहिला, ३.०. शेजारी शेजारी. बघा डोळे उघडून.

२० फेब्रुवारी

घरी आल्याआल्या लिहिते.

पडद्यावर माझा रकाना लावला. अध्यक्ष चियासनबाईंनी चष्मा वर केला. "माझ्या हातातल्या प्रतीत तीन आहे."

"तिथे टिंब पुसलंय, बाई. तास तेवढेच आहेत."

"कुणी पुसलं?"

मी कर्टिसकडे पाहिलं नाही. खरंच नाही पाहिलं. तोच म्हणाला, "वाचायला सोपं जावं म्हणून."

"सोपं?" बाई म्हणाल्या. "मला सोपं नकोय, मला खरं हवंय." मग कुणीतरी पैशांचं काढलं, कुणीतरी नर्स मिळत नाहीत म्हणालं, तासभर कालवा. शेवटी एवढंच ठरलं, की मार्गारीला देखभालीसाठी दोन बायका नेमायच्या, 'शक्य झाल्यास'.

शक्य झाल्यास! तरी टिंब पुसायचं नाही, हे मात्र नोंदवून घेतलं. मी घ्यायला लावलं.

२४ फेब्रुवारी

अहवाल माझ्याकडून काढून घेतला. मला स्वागतकक्षात फोनवर बसवलंय. कर्टिस "बदल म्हणून" म्हणाला. लोक माझ्याकडे बघायचं टाळतात. टाळू देत. मी लाल स्वेटर घालून जाते, सगळ्यांना दुरून दिसावं म्हणून.

३ मार्च

इव्हेटकडे एक बाई आली. एकच. पण आली! आता तास २.७, इव्हेट म्हणते.

१९ मार्च

जेवणाच्या सुट्टीत कर्टिस माझ्या टेबलाशी आला. कोट अंगातच. हॅलिफॅक्सहून आईला आणतोय, सोमवारी. आता तिला एकटी ठेवता येत नाही.

"आपल्या पाचांपैकी कुठे ठेवू, रोना? खरे तास सांग. टिंबासकट."

"मार्गारी. दोन पूर्णांक सात."

तो खुर्ची ओढून बसला.

"तीन कुठेच नाहीत?"

"नाहीत, कर्टिस."