शँडनच्या मनोऱ्याचं पाचवं तोंड

कॉर्क, रविवार

ती. गोबनेट मावशीस,
डर्व्हलाचा नमस्कार आणि एक घट्ट मिठी.

सात वर्षांची असताना मी शँडनच्या मनोऱ्यावर चढायचं म्हणून भर रस्त्यात बसकण मारली होती. तेव्हा तू म्हणाली होतीस, "पोरी, मनोऱ्यावर पाहुण्यांनी चढायचं. आपण खालून ऐकायचं." ते वाक्य मी आजवर पाळलं आणि काल मोडलं. मी एकटीनेच नाही, तुझ्या धाकट्या बहिणीनेही मोडलं, आणि तिने ते अख्ख्या कॉर्कला वाजवून सांगितलं.

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या त्या बेराच्या टोकाला वारा जरा थांबला का? कोंबड्या छपरासकट जागेवर आहेत ना? आम्ही ठीक. माझ्या नवऱ्याचं, कॉरमॅकचं, पोट वाढलंय, पण तो त्याला छाती म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते.

तर झालं असं, की डब्लिनहून माझी नणंद ओर्ला आली आणि म्हणाली, "तुमचं गाव दाखवा." (गाव! कॉरमॅक तिचा सख्खा भाऊ, तरी त्याच्या कपाळाला आठी पडली. इतकी वर्षं इथलं पाणी प्यायलाय तो.) आईला घरी ठेवणार होतो, पण डब्लिनच्या बाईला कॉर्क दाखवायचं आणि ते आपल्याशिवाय, हे तिला मान्य नव्हतं. नवीन कोट घालून ती आमच्या आधी दारात उभी.

पहिली फजिती इंग्लिश मार्केटमध्ये. ओर्लाला ड्रिशीन दाखवायचं म्हणून आईने ती डुगडुगणारी रक्ताची सॉसेजं चांगली हातभर घेतली. खाटकाने विचारलं, "पिशवी आहे?" आईला ऐकू आलं, "मावशी आहे?" लहानपणी मी तुला तिथे सगळ्यांदेखत मावशी मावशी करायची, तेव्हा तिला वाटलं, तुझीच चौकशी. म्हणाली, "आहे की. जिवंत आहे, पण माझ्याशी बोलत नाही." खाटकाने टोपी काढली आणि ड्रिशीन निमूट कागदात गुंडाळलं. ते आईच्या हातबॅगेतून आमच्याबरोबर दिवसभर हिंडलं. वास वाढत गेला, तशी ओर्ला दोन पावलं मागून चालू लागली.

शँडनपाशी तिने वर पाहिलं. मनोऱ्याच्या चार बाजूंना चार घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ थोडी वेगळी. "अगं बाई, एकही बरोबर नाही?" आई हे मात्र लख्ख ऐकते. म्हणाली, "डब्लिनला एकच वेळ, ती चुकली की संपलं. आमच्याकडे निवड असते." आणि त्याच भरात जिना चढायला लागली. (चर्च दुसऱ्या पंथाचं आहे हे ठाऊक आहे मला. घंटा मात्र सगळ्यांची.)

वर दोर असतात, प्रत्येकाला आकडा. समोरच्या कागदावरचे आकडे बघून ओढायचे की गाणं वाजतं. आवाजाने कानठळ्या बसू नयेत म्हणून तिथली बाई कानांवर जाड झाकणं देते. आईने ती काढून कॉरमॅकच्या हातात दिली, कागद उलटा ठेवला आणि एकच दोर ओढला. मग पुन्हा तोच. तिचा चेहरा असा उजळला, मावशी, की मला ती माझ्यापेक्षा लहान दिसली. म्हणाली, "केली बाई दुरुस्त! किती वर्षं बंद होती ही घंटा!"

घंटा रोज वाजते. पण तिला ते कोणी सांगितलं नाही. ओर्लानेसुद्धा नाही, आणि त्यासाठी मी तिला तिचं 'गाव' माफ केलं.

आईने इतकं वाजवलं की खाली गल्लीत माणसं जमली. उतरलो तर एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय हो, कोण मेलं?" आईला ऐकू आलं, "कोण आलं?" छाती ठोकून म्हणाली, "मीच की!"

घरी येऊन तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि काठावर हात टेकून उभी राहिली. शँडनने सहाचे टोले दिले. ती वाट पाहत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आज पुन्हा बंद का गं?" मी म्हटलं, "सुट्टी असेल." त्या मनोऱ्याला आपण चार तोंडांचा खोटारडा म्हणतो ना, काल त्याला पाचवं तोंड फुटलं, माझं.

असो. सगळं मजेत. कोंबड्यांना गोंजार.

तुझी,
डर्व्हला

ता.क. तू पत्रात लिहिलंस, की आई फोनवर तुला "इस्टरला येऊ नको" म्हणाली. मी तिच्या शेजारीच बटाटे सोलत होते. ती म्हणाली होती, "इस्टरला येऊन जा."

ता.क. दुसरं. तू म्हणतेस, 'मी वादळाचं सांगत होते आणि तिने फोन आपटला.' तिच्या मते तू तिला "बावळट" म्हणालीस. मावशी, तुम्हा दोघींचं भांडण झालेलंच नाही. तुमच्या चार कानांचं झालंय.

ता.क. तिसरं, आणि पत्र खरं यासाठीच. कानाच्या यंत्राचं नाव काढलं की आई म्हणते, "गोबनेट मोठी आहे. आधी तिने लावावं." तू एकदा येशील का? तू आधी कान तपासून घे, ती मागोमाग येईल. लहानपणापासून ती तुझ्या मागोमागच जाते. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. तुझे कान शाबूत आहेत, जग पुटपुटतं, हेही माहीत आहे. तर निदान एवढं कर, नकार पत्राने नको, फोनवर कळव. फोन आई उचलेल. तुझ्या 'नाही'चं ती काय करेल, सांगता येत नाही.