सपाट माथ्याचे डोंगर

हैदराबाद, ४ नोव्हेंबर २००३

सौ. रखमाताईस सख्याचा शि. सा. न. वि. वि.

मी बरा हाय. कंटाळलोय, पण बरा. बोर्ड रंगवायचं सुटलं. आता कॉम्प्युटरच्या खेळांसाठी नसलेल्या मुलखांचे नकाशे करतात, तिथं बसतो. नद्या एक बंगाली काढतो, डोंगर माझ्याकडे. एक बाजू उजेडाची, एक बाजू बारीक रेघांची. डोळे मिटले तरी रेघाच.

परवा साहेबानं सगळा कागद परत दिला. म्हणाला, हे डोंगर की पालथे टोप? माथे सपाट कशाला? मी म्हटलं, मग माणसं राहतील कुठं, म्हशी बांधतील कुठं? सगळे हसले. डोंगराच्या माथ्यावर कोण राहतं म्हणे. आता टोकं काढतोय.

आईला जप. माझ्यावरची माया आटू देऊ नको.

सखा

पोलादपूर, २० नोव्हेंबर

चि. सख्यास अनेक आशीर्वाद.

साहेब खोटं बोलला नाय रे. आपली सगळी वाडी रस्त्याला उतरली. शेवटी चांगूकाका पण खाली आले. वर आता आई आणि दोन म्हशी. मागच्या आठवड्यात ती झऱ्यावर पडली. मी दूध न्यायला चढले तेव्हा कळलं. पाय सुजलाय. माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणते, सखा येईल, दार बंद दिसलं तर काय करील? तुझंच ऐकेल ती. टोकं काढ तुझी, पण आधी तिला लिही.

पोरं मामाला विचारतात. आम्हांला विसरू नको.

रखमा

हैदराबाद, १८ जानेवारी २००४

सौ. रखमाताईस शि. सा. न.

उशीर झाला, रागावू नको. काय लिहायचं ते ठाऊक होतं, म्हणूनच लिहवत नव्हतं. हे आईला वाचून दाखव.

आये, माझ्यासाठी दार उघडं ठेवू नको. मी वर राहायला येणार नाय. इथं जीव रमतो असं पण नाय, सुरतेला जायचं मनात हाय. पण वर नाय. तू ताईकडे उतर.

ताई, म्हशी विकू नका, त्यांच्याशिवाय तिला घास जायचा नाय. ती काय म्हणाली ते कळव. शिव्या दिल्या तर त्या पण लिही.

तुमचाच,
सखा

पोलादपूर, ३ फेब्रुवारी

चि. सख्यास आशीर्वाद.

शिव्या दिल्या नाय. पत्र ऐकलं, उठली, धार काढली, चुलीत पाणी ओतलं. काठी टेकत, म्हशी पुढं घालून उतरली. मला दाव्याला हात लावू दिला नाय. आमच्या पडवीत म्हशी बांधून झाल्यावर बोलली, ते तसंच लिहिते. “मी उतरले म्हणावं. वर येणार नाय ते कळलं. खाली कधी येतो, ते इचार.”

मला नको, तिलाच उत्तर दे. लोभ हाय तो हायच.

रखमा