गालाखालचा तुकडा

सोमवार, १ तारीख. सकाळी.
सुनेच्या ऑफिसात पाळणाघर निघालं. त्यांच्या साहेबीणबाई म्हणाल्या म्हणे, पोरीला इथंच आणा, मधून मधून खाली जाऊन बघून या, काम कुठं पळून जात नाही. मोठी आली दयाळू! तीन वर्षं मी काय माश्या मारत होते? मुलगा म्हणाला, आई, आता तुला आराम. बघतेच.
नातीला झोपताना माझ्या जुन्या शालीचा तुकडा गालाखाली लागतो. नाहीतर घर डोक्यावर घेते. तो बॅगेत घालायचा राहिला. म्हणजे मी ठेवून घेतला. दोन वाजता फोन येणार. चपला दाराशी काढून ठेवल्यात.

मंगळवार.
फोन नाही. रडून रडून दमून झोपली असेल. सून म्हणाली, छान झोपली हो आई, दीड तास. तुकड्याचं नाव काढलं नाही. मीही नाही. आज मात्र नक्की.

बुधवार. अडीच वाजता.
फोन बिघडला असणार. शेजारणीला म्हटलं, माझा नंबर लावून बघ. दणदणीत वाजला. म्हणाली, करमत नाही का हो आजी? म्हटलं, मला मान वर करायला फुरसत नाही. घरी येऊन डबे पुसले. कालही पुसले होते.

गुरुवार.
पोरीचे हाल बघवेनात, म्हणून तुकडा घेऊन स्वतःच गेले. पाळणाघरातल्या बाईंनी बसायला टीचभर खुर्ची दिली. गुडघे हनुवटीला. नात पालथी, गाढ झोपलेली. शेजारी सून, एका हातानं जेवतेय, दुसऱ्यानं तिला थोपटतेय. सुनेला इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं. दचकून म्हणाली, आई, तुम्ही इकडं कशा? म्हटलं, सहज, वाटेवरच होतं. दोन बस बदलून.
तुकडा पिशवीतच राहिला.

शुक्रवार. संध्याकाळी.
सोमवारपासून रोज फिरायला जायचं ठरवलंय. विणकामही काढायचं. आज वेळ झाला नाही.
दुपारी तुकडा गालाला लावून बघितला. खरखरीत झाला असेल तर पोरीला टोचायचा. तेवढ्यात डोळा लागला. साडेपाचला नातीनं हलवलं. म्हणाली, आजी, तुला अजून लागतो? आमच्या पाळणाघरात फक्त बाळांना लागतो. म्हटलं, गप गं, तुझाच सांभाळतेय. तर शेजारी बसून मला थोपटायला लागली, काल तिची आई थोपटत होती तशी.
मी जागीच होते. उगीच डोळे मिटून पडले.