जपून ठेवलेली वॉरंटी

३ जून.
गाडी मागे घेताना किर्रर्र आवाज. ही म्हणाली, वॉरंटी आहे तोवर दाखवून या. म्हटलं, वॉरंटी किरकोळ कुरकुरीवर खर्चायची नसते. मोठ्या दुखण्याला राखून ठेवावी.

५ जून.
आवाज स्वतःच घालवला! गिअरच्या दांडीचं कव्हर उघडून आत शिलाई मशीनचं तेल सोडलं. एक स्क्रू उरला. कंपनीवाले जास्तीचेच लावतात.

११ जून.
वॉरंटी काल संपली. तीन वर्षांत एकदाही वापरली नाही. शेजारच्या मास्तरांना मुद्दाम सांगितलं.

१२ जून, सकाळी.
रिव्हर्स पडत नाही. गाडीचं नाक भिंतीला. घाबरायचं कारण नाही. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन वीस तारखेला आहे. शब्द दिलाय, आपल्याच गाडीने नेईन. टॅक्सीत हिला मळमळतं.

१४ जून.
सर्व्हिस सेंटरला फोन. तिथली मुलगी म्हणाली, काका, चारच दिवस उशीर झाला हो. काका म्हणाली, म्हणजे काम होणार.

१८ जून.
मास्तरांनी माणसं जमवून गाडी ढकलत बाहेर काढून दिली. सेंटरमधला साहेब म्हणाला, बिघाड वॉरंटीतलाच होता याला पुरावा काय? लगेच ही रोजनिशी पुढे केली. तीन तारीख वाचून त्याने मान डोलावली. मग पान उलटलं. तेल कुठलं, म्हणाला. खोटं कशाला बोला? उरलेला स्क्रूही खिशातून काढून दिला. त्याने आणखी दोन मेकॅनिक बोलावून पाच तारीख मोठ्याने वाचली. ते हसले. मीही हसलो, वाईट दिसू नये म्हणून.
वॉरंटी असती तरी गेलीच असती, म्हणे. दुरुस्तीला महिना. गाडी परत आणली. हॉस्पिटलला जायला रिव्हर्स कशाला लागतो? पुढेच तर जायचंय.

१९ जून.
गाडी धुतली. हिच्यासाठी मऊ उशी ठेवली. सगळी तयारी चोख.

२० जून, सकाळी सात.
परवा सवयीने गाडी भिंतीशीच नेऊन लावली होती. मास्तर गावाला गेलेत. एकट्याने ढकलून पाहिली. ही पिशवी घेऊन पायरीवर उभी. शेवटी म्हणाली, सोडा आता. कंबर धरून बसाल.

संध्याकाळी.
टॅक्सीत ही वाटभर तोंडाला रुमाल धरून बसली. ऑपरेशन छान झालं. परतताना एका डोळ्यावर पट्टी. दारात गाडीकडे बघून म्हणाली, उघड्या डोळ्याला नीट दिसतंय हो.
दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. म्हटलं, तेव्हा मात्र आपल्याच... तिने टॅक्सीवाल्याचा नंबर सांगितला. वहीत लिहून ठेवा, म्हणाली.
लिहिला.