लाखेच्या तबकडीतला लांब सूर

कलकत्ता, माघ, १९३७

दादाच्या पत्रात पुन्हा तेच. म्हणे, "सालेकसा सोडून तिकडं लाखेच्या भाकरीच थापून राहिला ना तू?" हो, थापतो! माय आपल्या गोंदियाकडं काटक्यांवरून खरवडते तसलीच लाख. ती तापवून यंत्रात दाबतो अन् ग्रामोफोनची तबकडी काढतो. कायले लाजू?

आज माझ्या एकट्याच्या हातची पहिली तबकडी कारखान्याच्या बाबूंनी वाजवून तपासली. बिघडली असती तर उद्यापासून परत गोदामात पोती उचला. तिच्यात विलायती वाद्यांचा मोठा ताफा होता, सिंफनी म्हणतात त्याला, गाणारं कोणीच नाही. आधी चाल पळती होती, पळत्या चालीत खोट लपून जाते. मग संथ भाग आला अन् एकच सूर लांबत गेला. मधलं भोक केसभर सरकलं असलं, तर असा सूर पट्टी सोडून डोलायला लागतो. मी कान लावून उभा. सूर हलला नाही! इतका उदास, की बहिणीच्या पाठवणीनंतरचं अंगण आठवलं, अन् मी मात्र येड्यावानी हसत होतो. दुःख त्या वाजवणाऱ्यांचं, पण ते सरळ उभं राहिलं माझ्या हातानं. खरं ना?

बाबू म्हणाले, "ए गोंदियावाला, ये तूने दाबा? कल से यही मशीन तेरी."

तो लांब सूर अजून कानातून जाऊन नाही राहिला. दादाले कसा ऐकवू? मशीनवाल्याले पगार जास्त असतो. उद्याच मायच्या नावानं मनिऑर्डर करतो. पाच नाही, आता आठ रुपये.